घरचा बदली

सोम. १ सप्टेंबर

आज गिरणीच्या गेटवर उभा राहिलो. बदलीवाल्यांच्या रांगेत, आयुष्यात पहिल्यांदा. घरून वसंता आणि मी बरोबरच निघालो. वाटेत तो बोलत होता, मी हं हं करत होतो. गेट आलं तसा "येतो दादा" म्हणाला आणि आत गेला. धाकटा भाऊ आत, थोरला बाहेर. आणि आत जाऊन तो उभा राहणार माझ्याच दोन साच्यांवर, माझ्या मागांवर.

या रांगेच्या शेजारून मी वर्षानुवर्षं आत गेलोय. रांगेतला एक चेहरा आठवत नाही. आज तेही माझ्याकडे बघत नव्हते. सगळ्यांचे डोळे साळवी जॉबरच्या हाताकडे. ज्याच्याकडे बोट होईल त्याला आज काम. आज गैरहजर कमी होते, बोट माझ्यापर्यंत आलंच नाही.

घरी आलो. हिने काही विचारलं नाही, चहा ठेवला. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ठाण्याच्या इस्पितळातून सोडताना डॉ.नी सांगितलं होतं की रोज दोन ओळी लिहीत जा, डोकं मोकळं राहील. आमच्या घरात ठाण्याचं नाव कोणी काढत नाही. मीही यापुढे नुसतं ठा. लिहीन.

गुरु. ४ सप्टें.

आजही नाही. रांग मोडल्यावर साळवींना गाठलं. म्हटलं, पंधरा वर्षं तुमच्या हाताखाली साचा चालवला, कधी कापडात खोट निघाली नाही. ते चांगलं बोलले, तेच जास्त लागलं. "अरे, घाई कित्याक करतस? साचो खय पळान गेलो? घरातच आसा मां?"

घरातच आहे. हीच तर आमच्याकडची रीत. माणूस आजारी पडला, गावी अडकला, की त्याच्या साच्यावर घरातलाच दुसरा उभा करायचा, म्हणजे साचा परक्याकडे जात नाही. वसंताला गावाहून मीच आणला. धोट्यात सुताची तार कशी ओढून घ्यायची ते मीच शिकवलं. मी ठा.ला गेलो तेव्हा तो माझ्या जागी बदली म्हणून उभा राहिला. मी परत आलो तर तो कायम झालेला, आणि बदलीचं कार्ड माझ्या हातात. साचा घरातून गेला नाही हे अगदी खरं आहे. मी गेलो.

वसंताला दोष देववत नाही. देववत नाही म्हणून जास्त राग येतो.

सोम. ८ सप्टें.

काम मिळालं. दुसऱ्या ओळीतला कोणी तापाने पडला, त्याचे साचे दिले. दिवसभर उभा होतो. पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

साचेखात्याचा आवाज बाहेरच्याला सोसत नाही. नवीन माणूस कानात बोटं घालतो. मला आज त्या आवाजात शिरल्यावर बरं वाटलं, इतकं बरं ठा.च्या कुठल्याच औषधाने वाटलं नव्हतं. बाहेर डोकं सारखं काहीतरी बोलत असतं. आत त्याचं काही चालत नाही. ही गोष्ट डॉ.ना सांगायला हवी होती, पण तेव्हा मलाच माहीत नव्हती.

बोटं मात्र जड झालीत. गोळ्यांमुळे. तुटलेली तार जोडायला पूर्वी नजरही लागायची नाही, आज दोनदा साचा थांबवावा लागला.

आणि अजून एक. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे हाताने आणि ओठाने बोलतो. त्यामुळे साचेखात्यात कुजबुज करता येत नाही. समोरच्या ओळीतल्या दोघांनी माझ्याकडे बघून एकमेकांना खूण केली, एकाने कानशिलाशी बोट फिरवलं. चार साचे मध्ये होते तरी वाचलं. मला वाचता येतं हे ते विसरले असावेत. की आठवत होतं म्हणून केलं?

गुरु. १८ सप्टें.

गणपती. अर्धी गिरणी कोकणात गेली. बदलीवाल्यांचे सुगीचे दिवस, रोज काम. रोज वेगळे साचे, कोणाचा मध्येच अडतो, कोणाचा धोटा उडतो. चार दिवस कोणाचे तरी म्हणून सांभाळायचे आणि पाचव्या दिवशी त्याला नमस्कार करून बाजूला व्हायचं.

वसंता गावी गेला नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम आहे म्हणे. संध्याकाळी चाळीच्या चौकात मुलांना गोळा करून फलक रंगवत बसतो. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, बेळगाव कारवार मिळालंच पाहिजे. मलाही वाटतं मिळावी. पण आमच्या खोलीत मिळालीच पाहिजे अशी आणखी एक गोष्ट आहे, तिचा फलक कोण रंगवणार.

तो गावी गेला असता तर आठ दिवस माझे साचे मला मिळाले असते. हे मी बायकोलाही बोललो नाही.

रवि. २८ सप्टें.

हिच्या हातचं जेवायला गिरणीतली पाच माणसं येत असत. मी आल्यापासून दोन कमी झाले. एकाने सांगितलं, लांब पडतं. तो आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहतो.

हिने ताटं धुऊन फळीवर ठेवून दिली. पाचही ठेवली. दोन काढून पेटीत टाक म्हटलं तरी तशीच राहू दिली.

आजारी होतो तेव्हा मी कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. माळ्यावर चढून बसलो आणि खाली उतरलो नाही, एवढंच. खाली उतरलो तर पायाखालची फरशी जाईल असं वाटत होतं. त्यात त्या माणसाच्या आमटीभाताला काय झालं?

मंगळ. २१ ऑक्टो. खंडेनवमी

साच्यांची पूजा. आज सगळे धुतलेले कपडे घालून, प्रत्येक जण आपापल्या साच्याला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. बदलीवाल्यांना साचा नसतो. ते भिंतीशी उभे राहून प्रसादाची वाट बघतात. मीही भिंतीशी उभा होतो.

वसंताने सगळ्यांदेखत हाक मारली नाही, हाक ऐकू आली असती कारण आज साचे बंद होते. तो चालत माझ्यापर्यंत आला आणि हात धरून घेऊन गेला. "हार तू घाल दादा."

घातला. दोन्ही साच्यांना. लोक बघत होते, काहींचे डोळे ओले झाले. साळवी म्हणाले, भाऊ असावा तर असा. त्याच्याबद्दल म्हणाले. बरोबरच आहे.

वसंता मनाने चांगला आहे. त्याने मला भिंतीशी उभं राहू द्यायला हवं होतं.

शुक्र. ३१ ऑक्टो.

नऊ-दहा दिवस लिहिलं नाही. काम नव्हतं. रोज गेट, रोज परत. परत येताना सरळ घरी येत नाही, परळला पुलापर्यंत चालत जातो, म्हणजे शेजारपाजारच्यांना वाटावं पाळी करून आला. काल शेजारची काकी म्हणाली, आज लवकर सुटलात? तिला सगळं माहीत असतं.

शुक्र. १४ नोव्हें.

वसंता सत्याग्रहाला गेला. सीमेवर तुकड्या चालल्यात, आमच्या चाळीतून तिघांनी नावं दिली, त्यात हा. घरात विचारलं नाही. रजाही मागितली नाही, मागितली असती तर मिळाली नसती. शालूला, म्हणजे त्याच्या बायकोला, काल रात्री जेवताना सांगितलं. तिच्या पोटात सहावा महिना. ती ताक वाढायला उठली.

सकाळी चौकात निरोप. गुलाल, हार, घोषणा. शालूने ओवाळलं. माझी बेबी काकाच्या कडेवर बसून झालाच पाहिजे ओरडत होती. निघताना वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आठ-दहा दिवसांत येतो. तोवर साचे तू बघ." चावी द्यावी तसं म्हणाला.

मी म्हटलं जपून जा. मनातून म्हटलं, जा. सावकाश ये.

शनि. १५ नोव्हें.

साळवींनी रांगेतून पहिलं बोट माझ्याकडे केलं. "घरचो बदली घरच्या साच्यार."

माझे साचे. डावा अजूनही दिवसाच्या सुरुवातीला अडतो, मग सरळ चालतो. उजव्याच्या दांड्याला वसंताने चिंधी गुंडाळली होती, ती मी सोडली. तेलाची बाटली तो उजव्या अंगाला ठेवतो, मी डाव्या. फिरवली. दुपारपर्यंत सगळं माझ्या हाताला आलं. एक तार तुटली, बोटांनी आपोआप जोडली, मला नंतर कळलं.

पाळी सुटल्यावर सरळ घरी आलो. शेजारची काकी दारात होती. मीच म्हटलं, आत्ता सुटलो.

बुध. २६ नोव्हें.

बातमी आली. धरले. शिक्षा झाली, सक्तमजुरी. किती महिने ते नक्की कळत नाही, समितीच्या हपिसात वेगवेगळं सांगतात. चाळीने चौकातल्या फळ्यावर तिघांची नावं लिहिली, वर 'आमचे वीर'. फळ्याला हार. संध्याकाळी खोलीत माणसांची रीघ. लांब पडतं म्हणणारा तळमजल्यावरचा पण आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्या भावाने नाव काढलं.

दोघे भाऊ कुलपाआड राहून आलो, म्हणजे तो अजून आहे. त्याच्या कुलपाला हार. माझ्या वेळी हिने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मी गावी आहे, आणि मी आलो तेव्हा शेजारच्या काकीने तोंडावर विचारलं, गावाहून काजू नाही आणलेत?

शालू आत पडदा ओढून बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

शनि. २९ नोव्हें.

हे लिहू नये. लिहितो.

आज साचा चालवताना मनात आलं, शिक्षा मोठी असू दे. सबंध वर्षाची असू दे. आणि धक्का बसला नाही, पुढच्या सुताच्या कांडीला हात घातला. घरी येऊन शालू वाकून चूल फुंकताना दिसली तेव्हा लाज वाटली. पुन्हा सकाळी साच्यावर गेलो की तेच मनात येणार हे मला माहीत आहे.

मंगळ. २ डिसें.

हिच्याशी भांडण. बऱ्याच दिवसांनी आवाज चढला, बेबी कोपऱ्यात गेली. विषय साधा होता, मी म्हटलं वसंताला पत्र काय पाठवायचं. त्यावरून बोलता बोलता निघालं तोंडातून, की त्याने गिरणीत जाऊन सांगितलं नसतं मी ठा.ला आहे म्हणून, तर माझी जागा राहिली असती. गावी तापाने पडलाय एवढं सांगायचं, सगळे तेच सांगतात.

ही भांडं घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांनी नाय सांगितलं. मी सांगितलं."

मग सगळं सांगितलं. साळवींनी तिला बोलावलं होतं. ताप म्हणालीस तर महिनाभर जागा राहील, पुढे यादीतल्या पहिल्या बदलीला जाईल, तो परका. खरं सांगितलंस, की हा माणूस आता साच्यावर यायचा नाही, तर घरच्या माणसाला कायम करता येईल. ती गेली आणि साहेबासमोर सांगितलं. तेव्हा ठा.चे डॉ.सुद्धा म्हणत होते, कधी बरा होईल ते सांगता येत नाही.

"पोरीला काय घालायचं होतं? तुमचा साचा गेला, घराचा नाय गेला."

 तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. म्हणून राग कमी होत नाही. बारा वर्षांचा संसार, आणि माझं नाव तिने स्वतः कापलं. मी इतके महिने वसंतावर जळत होतो ते सगळं फुकट गेलं, आता ते कुठे ठेवू?

गुरु. ४ डिसें.

साळवींनी पाळी सुटल्यावर थांबवलं. वरून विचारणा आली आहे. वसंता इतके दिवस बिनरजेचा का, कुठे आहे. मिल सत्याग्रहवाल्यांची नावं काढते आहे. साळवी स्वतः समितीचे, मोर्चाला जातात, पण खुर्ची मास्तरांची, साचेखात्याचे साहेब ते.

दोनच गोष्टी आहेत म्हणाले. गावी तापाने पडलाय असं घरच्या माणसाने येऊन सांगितलं तर मास्तर डोळ्यांवर कातडं ओढतील, जागा राहील, तू बदलीच राहशील. तुरुंगात आहे म्हटलंस तर नाव कापलं जाईल. मग ते साचे कोणाचे, तर गेले तीन आठवडे जो चालवतोय त्याचे. "तुजे. कायमचे. आता काय सांगूचा ता तूच ठरव. शनवारी मास्तरांका भेट."

सगळ्या गिरणगावाला माहीत आहे वसंता कुठे आहे. मास्तरांना माहीत आहे. पण ते घरच्या माणसाच्या तोंडून यायला हवं.

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. लपवायचं कुठे, खोली एक. शालू पडद्याआड होती, बांगड्या वाजायच्या थांबल्या.

शुक्र. ५ डिसें.

आज ताटात बांगड्याचा मधला तुकडा. माझ्या ताटात एरवी शेपटी येते, घरात कमावत्याला मधला तुकडा ही पद्धत, तो वसंताचा. मी हिच्याकडे बघितलं, ही म्हणाली मी नाही वाढलं.

शालू माझ्याशी बोलत नाही, म्हणजे भांडण नाही, थोरल्या दिराशी बोलायचं नाही म्हणून. डोक्यावर पदर, आणि निरोप बेबीच्या तोंडून. आज बेबी येऊन म्हणाली, काकी विचारते भात अजून हवा का. मग परत येऊन, काकी विचारते तूप हवं का. घरात तूप आहे हे मला माहीत नव्हतं.

मधला तुकडा खाल्ला. चांगला होता.

ही काहीच सुचवत नाही. सांग म्हणत नाही, नको सांगू म्हणत नाही. मी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, मागे मी ठरवलं ते तुम्हाला आवडलं नाय. आता तुम्ही ठरवा.

दिवसभर साच्यावर दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. तो तापाने पडलाय. तो तुरुंगात आहे. तिथे मोठ्याने म्हटलं तरी कोणाला ऐकू जात नाही. दोन्ही सारखीच सोपी वाटली.

खरं सांगण्यात पाप काय? तो सत्यासाठीच गेलाय ना? त्याने घरात न विचारता नाव दिलं. पोटुशी बायको टाकून गेला. परत आला की चाळ त्याला खांद्यावर घेईल, समिती कुठेतरी चिकटवेल, तरणा आहे, शहाणा आहे, कुठल्याही गिरणीत उभा राहील. मला दुसरी कुठली गिरणी घेईल? हे सगळं बरोबर आहे. आणि त्याने मला हात धरून साच्यापर्यंत नेलं होतं, तेही बरोबर आहे.

शनि. ६ डिसें.

मास्तरांच्या खोलीत गेलो. टोपी काढून उभा राहिलो. साळवी बाजूला होते.

मी काय सांगणार होतो? दारापर्यंत एक ठरलं होतं. आत गेल्यावर ते होतं की दुसरं, आता मलाही नक्की सांगता येत नाही. तोंड उघडलं, "साहेब, माझा भाऊ..." एवढंच झालं.

मास्तरांनी हात वर केला. माझ्याकडे न बघता साळवींना विचारलं, "हा तोच ना, ठाण्याचा?" साळवी हो म्हणाले. मग मला म्हणाले, आवाज वाईट नव्हता, समजूत घालावी तसा, "तुझं राहू दे. उद्या कोणी म्हणेल वेड्याच्या सांगण्यावरून नाव कापलं, नाहीतर ठेवलं. घरातलं शहाणं माणूस कोणी आहे का? त्याला पाठव."

साळवी म्हणाले, याची बायको आहे. मागे तीच आली होती. मास्तरांना आठवलं. हो हो, ती बाई. स्पष्ट बोलणारी आहे. तिला पाठवा.

आणि मला म्हणाले, जा, साच्यावर जा, पाळी सुरू झाली.

गेलो. दोन साचे चालवायला मी शहाणा आहे. भाऊ कुठे आहे एवढं सांगायला नाही. खरं बोललो तरी वेड्याचं, खोटं बोललो तरी वेड्याचं. दोन दिवस मी स्वतःलाच खाल्लं, त्यातलं काही कोणाला नकोच होतं. दगा द्यायलासुद्धा माणूस शहाणा लागतो.

दुपारी एकदा वाटलं की साचा बंद करावा आणि बसावं खाली. बंद केला नाही. बंद केला असता तर पुन्हा कानशिलाशी बोटं फिरली असती.

घरी येऊन हिला सांगितलं. ऐकून घेतलं. सोमवारी जाते म्हणाली.

रवि. ७ डिसें.

 हिने लुगडं धुऊन वाळत घातलं, ते हिरवं. मागच्या वेळीही हेच नेसून गेली होती का, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

शालूने सबंध खोली सारवावी तशी पुसून काढली. पोट घेऊन. नको म्हणायला बेबीला पाठवलं तर बेबी परत येऊन म्हणाली, काकी रडते.

सोम. ८ डिसें.

शनिवारी पाळी सुटताना साळवींनीच सांगितलं होतं, तुझ्या घरचं निकालात निघेपर्यंत तू येऊ नको, बरं दिसत नाही. म्हणून घरी आहे. साचे आज कोणाकडे दिले माहीत नाही.

ही सकाळी गेली. जाताना देवाला हात जोडले, माझ्याकडे बघितलं, शालूकडे बघितलं. मी विचारलं, काय सांगणार? म्हणाली, "तिथे गेल्यावर जे तोंडात येईल ते." तिच्या तोंडात आयत्या वेळी काही येत नसतं. ती सगळं आधी ठरवते. हे मला माहीत आहे, शालूलाही आहे.

बेबी शाळेत. खोलीत शालू आणि मी. असं दोघंच कधी राहिलो नव्हतो. मी दाराशी पेटीवर बसलो, ती चुलीपाशी तांदूळ निवडत. बऱ्याच वेळाने आवाज आला. आधी कळलंच नाही की माझ्याशी बोलते आहे.

"भावजी, वैनी काय सांगतील?"

म्हटलं, माहीत नाही.

पदर पुढे ओढून, तोंड तांदळाकडेच ठेवून म्हणाली, "मी असते तर माझ्या माणसाचं बघितलं असतं. तुमचं नसतं बघितलं. खोटं कशाला बोलू?"

मला तिचा राग आला नाही. या घरात इतक्या महिन्यांत माझ्याशी कोणी सरळ बोललं असेल तर हेच. मी म्हटलं, मागच्या वेळी हिने तिच्या माणसाचं बघितलं नव्हतं.

"म्हणून तर भय वाटतं," शालू म्हणाली.

मग तिने तांदूळ धुतले, किती घालायचे म्हणून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सगळ्यांचे घाल. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा होऊन गेला. ही अजून आली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघंही दाराकडे बघतो. आत्ताही कोणीतरी वर येतंय.